शर्मिष्ठेवरचा कुटुंबप्रमुख

जुळारीने तिसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा हेमांगी ठोसरने त्याला अस्सल सांगलीची एक शिवी हासडली. जुळारी म्हणजे निव्वळ आज्ञावली. त्याला मान ना अपमान. पण शेजारच्या मेजावर बसलेल्या डॉ. शिरीन मुजावर यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“आता काय म्हणतोय?”

“तेच तुणतुणं. ‘वासंती दिगंबर ठोसर: मालक सापडत नाही.’” हेमांगीने पडद्याकडे हात केला. “शिरीनताई, माझ्या आईला मालक! आमच्या घरात मालक कोण होतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ह्या ठोंब्यालाच तेवढं ठाऊक नाही.”

एरवी शिरीनताई हसल्या असत्या. आज त्या उठून हेमांगीच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

‘शर्मिष्ठा’ यान नव्या ग्रहाभोवती फिरू लागलं त्याला काही दिवस झाले होते. ग्रहाला अजून नाव नव्हतं, कारण नाव ठरवायला समिती नेमली होती. प्रवासी तुकड्यातुकड्यांनी शीतनिद्रेतून उठवले जात होते, आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. दीर्घ थंडीत देह टिकतो, स्वभाव टिकतो, भाषा आणि सवयीही टिकतात. पण डोक्यातले प्रसंग मात्र पुसले जातात. पोहता येणारा उठल्यावरही पोहतो, पण त्याला विहिरीत पहिल्यांदा कुणी ढकललं होतं ते त्याला सांगता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या मेंदूचं वाचन करून सगळे प्रसंग स्मृतिकोठारात ठेवले होते. देह गरम करता करता ते परत मेंदूत ओतायचे, याला पुनर्भरण म्हणत. शिरीनताई त्या खात्याच्या प्रमुख होत्या.

कोठारात सगळं सपाट होतं. कोष्टकं, त्यांत ओळी, ओळींत रकाने. माणूस काही असा ओळीत बसणारा प्राणी नाही. त्याला मावश्या असतात, वैरी असतात, उसनी नाती असतात, आणि एकेका प्रसंगाला दहा जणांचे हात लागलेले असतात. कोष्टकांतून माणूस उभा करायचा आणि माणसाची पुन्हा कोष्टकं करायची, हे दुभाष्याचं काम जुळारी करत असे. आणि जुळारीचं सगळं दुखणंखुपणं हेमांगी बघत असे.

प्रवासात कधीतरी वाटाण्याएवढा एक खडा कोठाराच्या एका कप्प्यातून आरपार गेला. कप्पा जवळजवळ रिकामा होता. त्यात एकाच माणसाची नोंद होती, आणि तो माणूस म्हणजे हेमांगीचे वडील, दिगंबर ठोसर.

वडिलांची नोंद गेली हे तिला उठल्या उठल्याच कळलं होतं. ती रडली, दोन घास कसेबसे गिळले, आणि आईला उठवायच्या तयारीला लागली. आईला हे कसं सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवत होती. आईचा कप्पा शाबूत होता. आईची नोंदही शाबूत होती. तरीही जुळारी आईला उभं करायला तयार नव्हता.

दार सरकलं आणि यशोधन खानोलकर आत आले. ते कोठाराचे मुख्य अभियंता होते. वाईट बातमी असली की आधी चष्मा पुसायची त्यांची सवय होती, आणि ते चष्मा पुसतच आले.

“हेमांगी, तुझ्या आईबाबांच्या दुपारच्या तुकडीपाशी गाडी अडलीय.”

“माहीत आहे सर.”

“तुकडीत एक जरी नोंद मोडकी असली तर जुळारी ती तुकडी उघडत नाही. तसा नियम आहे, आणि नियम बरोबर आहे. लटकता दुवा तसाच ठेवून माणसं उठवली तर कुणाचं बालपण कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. इकडे शीतद्रव संपत चाललाय. आणखी थांबलो तर झोपलेले देह आपोआप कोमट व्हायला लागतील, आठवणींशिवाय.” त्यांनी चष्मा चढवला. “दिगंबररावांची नोंद मला बाद करावी लागेल. दुपारीच.”

“करा. बाबांची नोंद उरलीच आहे कुठे? पण त्याआधी मला आईला—”

“तेच सांगायला आलोय. ती बाद केली की साखळी नियम लागेल.”

हेमांगीचा चेहरा पाहून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

“तू जुळारीची भाषा बघतेस. कोठाराची रचना ठरली तेव्हा तू खात्यात नव्हतीस. सांगतो. निघताना जागेची मारामार होती. एक लग्न नवऱ्याच्याही डोक्यात असतं आणि बायकोच्याही. दोनदा कशाला साठवायचं? म्हणून ठरलं, घरामागे एक प्रत. प्रसंगाला जेवढ्या घरांतली माणसं हजर, तेवढ्याच प्रती.”

“इथपर्यंत शहाणपणाचं आहे,” शिरीनताई म्हणाल्या.

“हो. पुढे प्रश्न आला, घरातली ती एक प्रत कुणाच्या नावावर ठेवायची? समितीने काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी म्हणालं, कुटुंबप्रमुखाच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर एक नाव, खाली बाकीच्यांची.”

“शिधापत्रिका!” हेमांगी म्हणाली.

“शिधापत्रिका,” खानोलकर खजील होऊन म्हणाले.

ताऱ्यापर्यंत पोचणारं यान बांधायचं, आणि त्याच्या पोटात शिधापत्रिका घालून पाठवायची, ही करामत आपल्याच लोकांना जमते. त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. घर म्हटलं की प्रमुख आलाच, आणि प्रमुख म्हटलं की तो कोण हे विचारायची पद्धत नाही.

“म्हणजे आईच्या नोंदीत आहे काय?” हेमांगीने विचारलं.

“नाव, जन्मगाव, रक्तगट. आणि एक दुवा, दिगंबररावांकडे. तिचे प्रसंग सगळे त्यांच्या कप्प्यात होते. त्यांची नोंद बाद झाली की जुळारी तिच्याकडे बघेल, म्हणेल, ही ओळ कुणाचीच नाही. आणि छाटून टाकेल. अनाथ ओळी ठेवायच्या नाहीत, असा नियम आहे.”

“आणि आईचा देह?”

“देह राहील, दिगंबररावांच्या देहासारखाच. तो उठेल.”

“म्हणजे माझ्या आईच्या तोंडाची एक बाई उठेल आणि मला विचारेल, ‘आपण कोण?’”

निघताना आईबाबांना बरोबर न्यायचं म्हणून हेमांगीने आकाशपाताळ एक केलं होतं. आई यायला तयार नव्हती. ‘परक्या ग्रहावर जाऊन मी बोलायचं कुणाशी?’ हा तिचा एकच मुद्दा होता. ‘माझ्याशी बोल,’ असा शब्द देऊन तिने आईला आणलं होतं.

“दुपारपर्यंत वेळ द्या सर,” ती म्हणाली.

“दिला. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही.”

खानोलकर गेले नाहीत. त्यांनी बाही दुमडली आणि शेजारचा पडदा उघडला. माणूस तसा चांगला होता.

पहिला उपाय सोपा होता. आईला बाबांच्या नावाखालून सोडवायचं आणि तिच्या स्वतःच्याच नावावर करायचं. वासंती ठोसर, कुटुंबप्रमुख वासंती ठोसर. जुळारीने हे निमूट मान्य केलं. छाटणीची भीती टळली. हेमांगीने आनंदाने नोंद उघडली, तर आत नाव, जन्मगाव, रक्तगट. खाली सगळं कोरं.

“दवाखान्याच्या दारातून सुटका झाली, पण रोगी तसाच,” शिरीनताई म्हणाल्या.

हेमांगी पडद्याकडे बघत बसली. मग एकदम म्हणाली, “सर, हे नातं एकाच बाजूने लिहिलंय.”

“म्हणजे?”

“बाबांना विचारलं असतं, ‘तुमच्या घरात कोण?’ तर आई सापडली असती. आईला विचारलं, ‘तुझं काय काय, कुठे आहे?’ तर ती फक्त बाबांकडे बोट दाखवते. बास. पण आईचं आयुष्य काय एकट्या बाबांबरोबर गेलं का? माहेर होतं, शेजार होता, भिशी होती, भजनी मंडळ होतं. तिथल्या प्रत्येक प्रसंगाची एकेक प्रत त्या त्या घरात आहे ना? घरामागे एक प्रत!”

खानोलकरांचा हात चष्म्याकडे गेला आणि थांबला. “आहे. पण त्या प्रती तिच्या आहेत हे कुठे लिहिलेलं नाही.”

“तेच लिहायचं. उलटा दुवा. आईला विचारायच्याऐवजी अख्ख्या यानाला विचारायचं: वासंती ठोसर कुणाकुणाच्या प्रसंगांत हजर आहे?”

“जुळारीचा जीव जाईल.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. जुळारी जन्माचा उतावळा. एक बारसं उघडायला सांगितलं की तो बारशाला आलेली सगळी माणसं उघडायचा, मग त्या माणसांची लग्नं, मग त्या लग्नांतले व्याही, मग व्याह्यांची भांडणं. मागावा एक पेढा आणि दारात वरात उभी राहावी, असा प्रकार. हेमांगीने प्रश्न टाकला आणि तो अडखळायला लागला, मग गप्पच झाला. पंख्यांचा आवाज चढत गेला. खानोलकरांनी घाईघाईने प्रश्न मागे घेतला.

“हुशार नोकराचा हाच त्रास,” शिरीनताई म्हणाल्या. “आमच्या घरी एक होता. पाणी माग, तर सरबत करून आणायचा, तोवर जीव कासावीस.”

हेमांगीने मान वर केली. “बरोबर आहे! ह्याला आळशी करायला हवा.”

“काय?”

“प्रत्येक प्रसंगाच्या दारावर पाटी असते. कोण कोण हजर होतं, एवढंच तिच्यावर असतं. तेवढी पाटी वाचायची आणि पुढच्या दारावर जायचं. आत डोकवायचं नाही. आत काय आहे ते आपण मागू, तेव्हा बघायचं. नाही मागितलं तर राहिलं.” तिची बोटं चालायला लागली होती. “उतावळं भरण बंद. आळशी भरण सुरू.”

तिने जुळारीला आळस शिकवला. शिकवायला थोडा वेळ लागला, कारण कामसू माणसाला आळशी करणं हे आळशाला कामाला लावण्याइतकंच कठीण. मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पंखे शांत राहिले. पडद्यावर एकेक घर उमटू लागलं.

हेमांगीचा अंदाज होता की पहिलं नाव शरदमामाचं येईल. तो आईचा सख्खा भाऊ, सकाळच्याच तुकडीत उठलेला. आईचं सगळं लहानपण त्याच्या घरात असणार. शरदमामाचं नाव आलं, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या नावासमोरची रेघ त्याच्या कितीतरी पट लांब होती, पडद्याच्या कडेपर्यंत गेली होती.

“हेमांगी ठोसर,” खानोलकरांनी वाचलं. “तू?”

“मी कशी? मी नोकरीपायी घर सोडलं ते कॉलेज संपल्यावर लगेच. दिवाळीला जेमतेम जायचे.”

“म्हणूनच तुझी वेगळी पत्रिका. तू स्वतःच कुटुंबप्रमुख,” ते म्हणाले. “उघड तर एक.”

तिने रेघेच्या मधलाच कुठला तरी प्रसंग उघडला. बेंगळुरूमधली तिची खोली. मेजावर कामाचा पसारा, आणि पसाऱ्यात पालथा ठेवलेला फोन. फोनमधून आईचा आवाज येत होता.

“...तर कवठ्याच्या अलीकडे तो रसवंतीवाला नाही का, तिथं स्कूटर चार्जिंगला लावली. मी म्हटलं, रस घेऊ. रस प्यायला. मी पिशवी उचलतेय, तोवर हे स्कूटरवर बसले आणि निघाले की गं! मी मागं बसलेय का नाही, बघायला नको? आणि घरात तोंडातून शब्द काढायचा नाही, पण स्कूटरवर बसले की ह्यांची टकळी सुरू. त्या टकळीत बायको राहिली मागं. तासगाव आलं तेव्हा कळलं! आणि वर मलाच म्हणतात, तू नीट बसलीच नव्हतीस. ऐकतेयस ना?”

“हं,” असं पसाऱ्यातून हेमांगीचा आवाज म्हणाला.

“आता एक सांगते, पण ह्यांना सांगायचं नाही हं...”

हेमांगीने प्रसंग बंद केला. डोळे भरून आले होते, आणि वेळ थोडा होता. “ही रोज फोन करायची शिरीनताई. रोज. मी फोन पालथा घालून काम करायचे आणि मधूनमधून ‘हं’ म्हणायचे. मला ह्यातलं निम्मंअर्धं आठवतही नाही.”

“तुला आठवत नसेल. तुझं लक्ष नव्हतं, पण कान कुठे बंद होते?” शिरीनताईंचा आवाज चढला होता. आता त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला होता. “वाचनात सगळं येतं. कानावरून गेलेलंही. हेमांगी, सांगणं हासुद्धा एक प्रसंग असतो, कळतंय का तुला? आई बाबांबरोबरचं आयुष्य जगली, त्याची प्रत बाबांकडे होती, ती गेली. पण तेच आयुष्य तिने तुला सांगितलं, आणि त्या सांगण्याची प्रत तुझ्या घरात आहे. प्रसंगाच्या पोटात प्रसंग! तो पोटातला बाहेर काढला, तर मेंदू त्याला आठवण म्हणून घेईल. का नाही घेणार? आपलीही जुनी आठवण म्हणजे बरीचशी आपण पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्टच असते.”

“म्हणजे ती जेवढं बोलली तेवढी ती वाचली?”

“जेवढं बोलली तेवढी.”

हेमांगी रडता रडता हसायला लागली. “मग काळजी नाही. मग काही गेलेलंच नाही!”

दुपार होईपर्यंत तिघांनी मान वर केली नाही. शरदमामा धापा टाकत आला, आपल्या घरच्या सगळ्या प्रसंगांना परवानगी देऊन गेला आणि जाताना म्हणाला, “लहानपणी तिला बडबडी म्हणून मी चिमटे काढायचो. तेवढे काढून टाका.” हेमांगीने ते काढले नाहीत. भिशीतल्या ज्या बायका उठल्या होत्या त्यांनीही परवानगी दिली. एकीने तर आपलंही काही त्यात सापडतंय का बघा म्हणून सांगितलं. फोनवर सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या काढून त्यांच्या दारांवर पाट्या लागल्या, आणि उलटे दुवे एकेक करून लिहिले गेले. आता आईला विचारलं की ती घरोघरी बोट दाखवू शकत होती, आणि प्रत्येक घर तिच्याकडे बोट दाखवू शकत होतं. दोन्ही बाजूंनी पक्की गाठ.

मालकाचा रकाना मात्र भरावाच लागणार होता. सगळ्यात मोठा साठा जिच्या घरात, तिचंच नाव तिथं बसणार होतं. हेमांगीने लिहिलं: वासंती ठोसर, कुटुंबप्रमुख हेमांगी ठोसर.

“आईला कळलं तर मला फाडून खाईल,” ती म्हणाली, आणि जतनाची कळ दाबली.

जुळारीने नकार दिला नाही. पडद्यावर आईच्या शीतकुपीचा दिवा हिरवा झाला. खानोलकरांनी चक्क टाळी वाजवली. आणि टाळीचा आवाज विरतो न विरतो तोच आईच्या शेजारचा दिवा लुकलुकला, आणि तोही हिरवा झाला.

तिघंही पडद्याकडे वाकले.

‘दिगंबर ठोसर. मालक: वासंती ठोसर. पुनर्भरणास तयार.’

“हे तू केलंस?” खानोलकरांनी विचारलं.

“नाही सर.” हेमांगीने ओळ पुन्हा वाचली. “मी कशाला... थांबा. साखळी! साखळी नियम! नोंद पुसली की तिच्याशी जोडलेलंही पुसायचं, तसंच नोंद जतन केली की तिच्याशी जोडलेलंही जतन करायचं. एकच नियम आहे तो, दोन्हीकडून चालतो. आईच्या प्रत्येक गोष्टीत बाबा हजर आहेत. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव आहे. आता दुवे दोन्ही बाजूंचे आहेत. जुळारीने पाट्या वाचल्या आणि बाबांची ओळ स्वतःच उभी केली!”

ज्या साखळीला ती सकाळपासून शिव्या घालत होती, तिनेच बाबांना ओढून काठावर आणलं होतं. हेमांगीने पडद्यावर कपाळ टेकवलं. खानोलकरांना आता काही बाद करायची गरज उरली नव्हती. कोठारात मोडकी नोंदच नव्हती. दुपारची तुकडी वेळेवर उघडली.

शिरीनताई तेवढ्या गप्प होत्या. हेमांगीने विचारल्यावर म्हणाल्या, “आनंद आहे गं. पण समजून घे. दिगंबररावांनी जे कुणालाच सांगितलं नाही ते गेलं, ते काही आता परत येत नाही. स्वभाव त्यांचाच असेल, तो मेंदूच्या मुळाशी असतो. पण आठवणी? त्यांच्या डोक्यात फक्त तुझ्या आईने सांगितलेले दिगंबरराव असतील. तिच्या जागेवरून दिसलेले. असं कुणाला उठवावं का, हे मी एकटी नाही ठरवणार.”

“मग आईला विचारू,” हेमांगी म्हणाली.

आई उठली ती बोलतच. “हेमी, किती वाळलीस गं!” हे तिचं पहिलं वाक्य, आणि ते ऐकून हेमांगीने तिला अशी घट्ट मिठी मारली की शिरीनताईंना नळ्या सांभाळाव्या लागल्या. आईला सांगली आठवत होती, माहेर आठवत होतं, हेमांगीचं बारसंही आठवत होतं. मधले काही दिवस कोरे होते. ज्या दिवसांत सांगण्यासारखं काही घडलं नाही असे. त्यांचं तिला काही वाटलं नाही. मग तिने विचारलं, “हे कुठायत?”

हेमांगीने सगळं सांगितलं. खडा, कप्पा, साखळी, सगळं. वासंतीबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

“म्हणजे ह्यांना फक्त मी बोलले तेवढंच ठाऊक असणार?”

“हो.”

“अगं बाई!” त्यांनी तोंडावर हात ठेवला. “अगं, मी काय काय बोललेय! त्यांच्या घोरण्यापासून त्यांच्या बहिणीपर्यंत. आता तो बिचारा माणूस उठणार आणि त्याला वाटणार, आपण जन्मभर चुकाच केल्या.”

“मग काय करायचं, वहिनी?” शिरीनताईंनी हळूच विचारलं.

“करायचं काय? गरम करा त्यांना. कसे का असेनात, माझे आहेत. चुकीचं काही असलं तर दुरुस्त करीन मी. वेळ आहे आता.”

दिगंबरराव उठले. त्यांनी छताकडे पाहिलं, मग नळ्यांकडे, मग बायकोकडे. मितभाषी माणूस, वाक्य जुळवायला वेळ घ्यायचाच.

“वासंती,” ते म्हणाले, “मी तुला रसवंतीपाशी सोडून गेलो.”

वासंतीबाई गडबडल्या. सगळ्या जन्मात नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं. “अहो, जाऊ दे ते. मीच नीट...”

“नाही. तू बसलीच नव्हतीस. तू उभी होतीस. ऊन होतं. चरकाची घुंगरं वाजत होती.” त्यांच्या कपाळाला आठी पडली. “गंमत आहे. मला माझीच पाठ आठवतेय. लांब लांब जाणारी. हात हलवत बोलतोय मी. मागच्या रिकाम्या जागेशी.”

“माफ करा हो मला, मी आपलं हेमीला...”

“आणि तू रागावली नव्हतीस,” दिगंबरराव म्हणाले.

वासंतीबाई गप्प झाल्या. हे फारसं घडत नसे.

“तू हसत होतीस. ग्लास खाली ठेवून, पोट धरून. तुला वाटलं, बघा हा माणूस. घरात माझ्यासमोर बोलत नाही, आणि मी मागे नाही तरी माझ्याशीच बोलतोय. आणखी काय पाहिजे बाईमाणसाला.” त्यांचा हात चादरीवरून पुढे सरकला. “एवढी वर्षं मी समजत होतो... काय समजत होतो ते आता आठवत नाही. बरंच झालं.”

वासंतीबाई लालबुंद होऊन लेकीकडे वळल्या. “हेमे! ह्यांना सांगायचं नाही म्हटलं होतं ना तुला?”

“मी नाही सांगितलं आई!” हेमांगी डोळे पुसत म्हणाली. “शपथ. मी तर ते ऐकलंसुद्धा नव्हतं.”

खानोलकर चष्मा पुसत होते. ह्या वेळी बातमी वाईट नव्हती. वासंतीबाईंनी नवऱ्याचा हात धरला. मग इतक्या वर्षांत त्यांना कधी न सुचलेला प्रश्न त्यांनी विचारला.

“पण अहो, तुम्ही तेव्हा एवढं बोलत काय होतात माझ्याशी?”

दिगंबररावांनी डोळे मिटून शोधलं. तिथं काहीच नव्हतं. ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

“आठवत नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी पाय आत घेतले आणि कुपीच्या काठावर जागा केली. “आता नव्याने बोलतो. फक्त तू आधी नीट बस.”